दोन मापांची लाकडं

रोलां गाडीतून उतरला तो घराकडे न वळता सरळ ओंडक्यांच्या ढिगाकडे गेला. त्याच्या बहिणीचा, गिलेनचा हिशेब वेगळा होता. मोठा मुलगा म्हणून तो आधी आईला भेटेल, तिच्या गालाला गाल लावेल, कॉफी मागेल, रस्त्यातल्या खड्ड्यांवर दहा मिनिटं बोलेल आणि मग बाहेर येईल. तेवढ्यात ती आपली इंजिनवाली करवत सुरू करून पहिला ओंडका कापायला घेणार होती. एकदा तिच्या हाताने सुरुवात झाली असती, तर मग कुणाला त्यात ढवळाढवळ करता आली नसती. पण रोलां तिव्हिएर्जला दुसऱ्याच्या लग्नातसुद्धा नवरदेवाच्या खुर्चीवर बसायची सवय होती.

"हा ढीग इथं टाकायला कुणी सांगितलं?" ओंडक्यावर बूट टेकवून त्याने विचारलं.

"मी."

"बाबा कोठाराजवळ टाकून घ्यायचे."

"बाबांकडं ट्रॅक्टर होता. तो तू विकलास. आता कोठारापासून शेडपर्यंत लाकडं कोण वाहणार, तुझी लोरेन?"

"माझं नाव कशाला मध्ये घेतेस गं?" गाडीतून रोलांची बायको लोरेन म्हणाली. ती अजून पट्टाही सोडायच्या बेतात नव्हती. अंगणातल्या चिखलाकडे आणि आपल्या नव्या बुटांकडे ती आळीपाळीने बघत होती.

रोलांने ढिगाला एक चक्कर मारली. मेपल, बीच आणि मध्ये मध्ये पिवळा बर्च. सगळे ओंडके सरळ, हाताला थंड, टोकांना अजून रस सुटलेला. त्यात खोट काढायला त्याला जागा सापडली नाही. गिलेनला तेवढंही पुरेसं वाटलं. दारात फोडून आणून दिलेली लाकडं घेणं तिला परवडत नव्हतं, आणि शाळेच्या स्वयंपाकघरातल्या पगारातून बाजूला काढत काढत तिने हे अख्ख्या लांबीचे ओंडके मागवले होते. बर्फ वितळून रस्ते मऊ पडले की जड ट्रकांना बंदी येते, त्याच्या आतच ट्रक येऊन गेला होता. तेव्हापासून रोज कामावरून परतताना ती ढिगाजवळ थांबायची आणि उगाचच एखाद्या ओंडक्यावर थाप मारायची.

आजचा दिवस लाकडाचा होता. तिव्हिएर्जांच्या घरी वर्षातून एकदा, बर्फ गेला आणि डास यायचे बाकी असले की सगळी भावंडं जमत. पुरुषांनी कापायचं, फोडायचं. बायकांनी उचलायचं, रचायचं आणि रांधायचं. करवत ज्याच्या हातात, घर त्याचं, हे कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. बाप तेओदोर होता तोवर करवत त्याच्या हातात होती. त्याला जाऊन दोन हिवाळे झाले. घरात आता त्याची ऐंशीची बायको अल्फोन्सिन आणि मुलगी गिलेन. गिलेन नवऱ्यापासून वेगळी होऊन माहेरी आली होती आणि तिथेच राहिली होती.

आणि रोलांला हे घर विकायचं होतं. मॉन्ट्रियलच्या एका दातांच्या डॉक्टरला उन्हाळ्यापुरतं एक घर हवं होतं, तो दोनदा येऊन खिडक्या बघून गेला होता. आईला लिफ्ट असलेल्या वृद्धांच्या वसाहतीत खोली बघून ठेवली होती. गिलेनने कुठे जायचं, ते कुणी बघितलं नव्हतं. ईस्टरच्या जेवणावर रोलांने हा विषय काढला तेव्हा अल्फोन्सिन म्हणाली होती, "लाकडं कशी होतात ते बघू. त्या दिवशी जेवणं झाली की सांगते." म्हणजे आज.

"चला, उन्हं वर आली," रोलां म्हणाला. त्याने गाडीतून आपली मोठी करवत काढली. मागे जोडून आणलेलं लाकडं फोडायचं यंत्र धाकट्या भावाने, इवोंने आधीच सोडवायला घेतलं होतं. इवों रंगाची कामं करायचा, स्वभावाने गरीब आणि कुणीही ओढेल तिकडे जाणारा. घर विकलं की मागचं रान आणि त्यातलं हरणांच्या शिकारीचं मचाण तुझं, असं रोलांने त्याला सांगून ठेवलं होतं. त्यामुळे आज तो बहिणीच्या नजरेला नजर देत नव्हता.

"रोलां, करवत मी चालवणार आहे," गिलेन म्हणाली.

"चालव की. मी दमलो की चालव."

"लाकडं माझी आहेत."

"आणि मी काय चोरून नेतोय का?" तो हसला. "अगं, तुझे हात दुखतील. तू रचायला रहा. तुझ्यासारखं कुणी रचत नाही, बाबासुद्धा म्हणायचे."

हे खरं होतं आणि म्हणूनच तिला झोंबलं. बाबा नेहमी म्हणायचे. चाळीस वर्षं त्यांनी तिचं एवढंच कौतुक केलं होतं.

रोलां शेडमध्ये गेला आणि खिळ्यावर लटकणारी बापाची मापाची काठी घेऊन आला. तेओदोरने स्वतः तासलेली, हाताच्या घामाने काळी पडलेली. ओंडक्यावर ही काठी ठेवायची, खडूने खूण करायची, पुढे सरकायचं. रोलांने ती कौतुकाने हातात फिरवली.

"ती नको घेऊस," गिलेन म्हणाली. "ती काठी—"

पण त्याने कानांवर जाड कानपट्ट्या चढवल्या होत्या, आणि करवत एका झटक्यात सुरू झाली.

*

पहिलं कांडकं पडलं तेव्हाच तिला दिसलं. ते काठीएवढं, दोन फुटांचं होतं.

दोन फूट म्हणजे तळघरातल्या भट्टीचं माप. तेओदोरने हयातभर त्या भट्टीसाठी लाकडं कापली, कारण अख्खं घर तीच तापवायची. पण गेल्या शरदात भट्टीच्या पोटाला तडा गेला, आणि विम्याचा माणूस म्हणाला की पुन्हा पेटवलीत तर आम्ही जबाबदार नाही. मग मायलेकींनी ती काढून टाकली. भंगारवाल्याने तिचे तुकडे करून जिन्यावरून वर आणले. तेव्हापासून घर तापतं ते स्वयंपाकघरातल्या लोखंडी चुलीवर, आणि त्या चुलीत सोळा इंचांच्या वर काही जात नाही. अख्खा हिवाळा गिलेनने ती चूल सांभाळली होती. कोणतं लाकूड तासभर टिकतं आणि कोणतं नुसतं तडतडतं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

ती रोलांच्या समोर जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरून तिने माप दाखवलं. "सोळा!" ती ओरडली. "सोळा इंच!"

रोलांने करवत न थांबवता मान डोलावली आणि हनुवटीने शेडकडे खूण केली. तू तिकडे.

तिने पुढे होऊन त्याच्या बाहीला हात लावला. आता मात्र त्याने करवत बंद केली आणि एका कानावरची पट्टी वर केली.

"चालू करवतीजवळ असं येतात का? वेड लागलंय का तुला? मरायचंय?"

"माप चुकतंय तुझं. सोळा इंच पाहिजेत."

"या घरात लाकडं कापायला मी तू शाळेत जायच्या आधीपासून आहे. माप मला शिकवू नकोस." आणि पट्टी खाली.

लोरेन आता हातमोजे घालून आली होती, आणि कामाला लागण्यापेक्षा समजूत घालणं तिला सोपं वाटत होतं. "सोड ना," ती गिलेनला म्हणाली. "पुरुषांना एक दिवस करवत मिळाली की लहान पोरं होतात ते. तू कशाला तोंडाला तोंड लावतेस?"

"माझी लाकडं फुकट चाललीत म्हणून."

"थोडं मोठं झालं तर काय बिघडतं? मोठं लाकूड जास्त वेळ जळतं."

गिलेन तशीच तरातरा स्वयंपाकघरात गेली. अल्फोन्सिन खिडकीशी बसून बटाटे सोलत होती. चुलीच्या बाजूच्या कप्प्यात रात्रीपासून घेवड्याचं मडकं होतं, डुकराची चरबी आणि काकवी घातलेलं, आणि अख्ख्या घरात त्याचा गोडसर वास भरला होता. खिडकीतून अंगण सरळ दिसत होतं.

"दिसलं का तुला?" गिलेन म्हणाली.

"डोळे अजून आहेत माझे."

"भट्टीच्या मापानं कापतोय तो!"

"सांगितलंस?"

"दोनदा."

"मग झालं." अल्फोन्सिनने बटाट्याचा डोळा सुरीच्या टोकाने काढला. "तुझी करवत कुठाय?"

"आई, तू जाऊन सांग ना. तुझं ऐकेल."

"माझं ऐकेलच. मग संध्याकाळी सगळ्यांना सांगेल की गिलेनला धड सांगताही येत नाही, आईला बाहेर यावं लागलं." तिने मान वर केली. "लाकडं जातील थोडी. तुला काय पाहिजे ते ठरव."

गिलेन दारात उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. आणि खरं सांगायचं तर या दोन्हींच्या खाली एक हलकट आनंदही होता, की काप बाबा, काप, जेवढी कापशील तेवढा तुझा मूर्खपणा अंगणात रचून राहील. या आनंदाची तिला लाज वाटली. तो मेपल तिने स्वतः निवडला होता. एकेक ओंडका असा हकनाक जाताना बघणं म्हणजे तिला पगार चुलीत घातल्यासारखं होतं.

तिने कोनाड्यातली आपली छोटी करवत उचलली, साखळीला तेल दिलं आणि ढिगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. माप म्हणून तिने काठी घेतली नाही. करवतीच्या पात्याचीच लांबी सोळा इंच होती. ती विकत घेतानाच दुकानात तिने हे बघून घेतलं होतं.

शेजारचा इझिदोर ट्रॅक्टर घेऊन ओंडके मोकळे करायला आला तेव्हा दोन्ही टोकांना दोन ढीग वाढत होते. इझिदोरचं मेपलचं बन होतं, त्या झाडांच्या रसाचा गोड पाक आटवायचं मोठं खोपटं होतं आणि तोंडावर कधी ताबा नव्हता. त्याने दोन्ही ढिगांकडे बघितलं, टोपी मागे सारली.

"एकाच घरात दोन चुली मांडल्या काय गं?"

"विचारा त्याला, काका."

"तो ऐकणार कसा? कानाला झापडं लावलीत त्यानं." इझिदोर पोट हलवत हसला आणि ट्रॅक्टर वळवून ओंडक्यांकडे गेला. इवों यंत्रावर लाकडं फोडत होता. यंत्राचं लोखंडी पातं सरकायचं, कांडकं कर्रकन उकलायचं, आत ओला पांढरा गाभा दिसायचा. दोन्ही ढिगांतली कांडकी त्याच्याकडे येत होती. एकदा त्याने लांब कांडकं आणि आखूड कांडकं शेजारी शेजारी ठेवून बघितलं, डोकं खाजवलं, आणि बहिणीकडे बघितलं. गिलेनने मान फिरवली. त्याने पुन्हा पातं सोडलं, पण लांब कांडक्यांच्या फोडी आता तो वेगळ्या टाकायला लागला.

*

जेवायला बसले तेव्हा सगळ्यांच्या केसांत भुसा होता. रोलां टेबलाच्या टोकाला, बापाच्या जागी बसला. त्याचा मूड झकास होता. त्याच्या बाजूचा ढीग गिलेनच्या दुप्पट झाला होता, आणि हे त्याने जागेवर बसायच्या आधीच दोनदा बोलून दाखवलं होतं.

"बघ इवों, याला म्हणतात काम. बाबा असते तर म्हणाले असते."

इवोंने मान खाली घालून पाव मोडला.

"आई, तू मनाला लावून घेऊ नकोस," रोलां पुढे म्हणाला. "पण गिलेनकडंच बघ. अर्धा दिवस राबली आणि काय झालं? जानेवारीत उणे तीस असतं तेव्हा काय करणार या दोघी? मी काही उगीच म्हणत नाही. मला तुमची काळजी वाटते."

"मला माहीत आहे," अल्फोन्सिन म्हणाली. आणि ती खोटं बोलत नव्हती. "इवों, चूल मंदावलीय. तुझ्या भावाच्या ढिगातलं एक लाकूड आण."

"ओलं आहे ते, आई."

"मला ठाऊक आहे. आण."

इवों बाहेर जाऊन एक फोड घेऊन आला. अल्फोन्सिनने उठून चुलीचं दार उघडलं, लाकूड आत सारलं. ते तिरकं सारलं. मग सरळ करून सारलं. मग उलटं फिरवून सारलं. निखाऱ्यांवर ओलं मेपल सुस्कारे टाकायला लागलं, आणि लाकडाचा वीतभर भाग चुलीबाहेर तसाच राहिला. दार लागेना. धूर आधी एक बारीक रेघ धरून वर गेला, मग सगळाच बाहेर आला. लोरेनने रुमाल तोंडाला लावला. इझिदोर, ज्याला जेवायला थांबवलं होतं, खोकत खोकत ताट घेऊन दाराकडे सरकला.

"अगं, काय करतेस!" रोलां उठला. "दार लाव!"

"लाव तू."

तो पुढे आला. लाकडाला गुडघा लावून त्याने आत रेटलं. लाकूड जागचं हललं नाही. चुलीच्या मागच्या लोखंडावर टक्कन आवाज झाला. "तबर्नाक!" तो ओरडला.

"माझ्या स्वयंपाकघरात चर्चमधल्या वस्तूंची नावं शिवीसारखी घ्यायची नाहीत," अल्फोन्सिन म्हणाली. "हे लाकूड कशाचं आहे रोलां?"

"मेपलचं."

"कोणत्या चुलीचं?"

"चुलीचं नाही. खालच्या भट्टीचं."

"ती कुठाय?"

"कुठाय म्हणजे? तळघरात!"

लोरेनने रुमाल खाली घेतला. अल्फोन्सिनने चिमट्याने ते लाकूड ओढून बाहेर काढलं आणि धुमसतं तसंच भांडी घासायच्या हौदात टाकलं. फस्सकन आवाज झाला.

"भट्टी शरदातच गेली," गिलेन म्हणाली. आवाज चढवायची तिला गरजच पडली नाही. "मी सकाळी तेच सांगत होते."

रोलां तिच्याकडे बघत राहिला. मग आईकडे. मग जिन्याच्या दाराकडे, जे या स्वयंपाकघरातच, त्याच्या खुर्चीपासून तीन पावलांवर होतं.

"मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"दर महिन्याला जेवायला येतोस," अल्फोन्सिन म्हणाली. "घराची किंमत लावतोस. डॉक्टरला खिडक्या दाखवतोस. एकदा तरी खाली उतरला असतास तर दिसलं असतं. रिकामी जागा आहे तिथं, चुना लावलाय आम्ही."

आणि मग रोलां मटकन बसला. खुर्चीची पाठ धरून, एकदम म्हाताऱ्यासारखा. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज कुणाच्या ओळखीचा नव्हता.

"मला उतरवत नाही खाली," तो म्हणाला. "बाबा तिथंच पडले होते ना. भट्टीसमोर. मीच तर बघितलं होतं आधी."

गिलेनच्या मनात सकाळपासून साठलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. तिने कधी हा विचारच केला नव्हता. बाबा गेले तेव्हा ती शहरात होती, ती संध्याकाळी आली तेव्हा ते वर पलंगावर, स्वच्छ शर्टात होते. खालून त्यांना वर कुणी आणलं हे तिने विचारलंही नव्हतं.

"म्हणून विकायचं होतं?" तिने विचारलं.

"विकलं की पुन्हा उतरायचा प्रश्नच नाही," रोलां म्हणाला. त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. भुसा डोळ्यांत गेला असावा, किंवा तसं म्हणायला बरं होतं.

लोरेनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग सगळ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वेगळंच बोलली. "मी याला सांगितलं होतं," ती म्हणाली. "आपल्या घरी शेगडी मी पेटवते, राख मी काढते. तुला चुलीतलं काय कळतं, असं विचारलं होतं मी. मला म्हणाला, तू गप्प बस."

इवोंला हसू फुटलं. त्याने ते दाबायचा प्रयत्न केला आणि तोंडातला घेवडा टेबलावर आला. मग इझिदोर दारातूनच हसायला लागला, आणि शेवटी रोलांसुद्धा, ओल्या डोळ्यांनी, नको नको म्हणत.

"झालं ते झालं," इवों म्हणाला. "पण ती लांब लाकडं? अर्धा ढीग आहे तो. पुन्हा कापायची म्हटली तर प्रत्येकाला वीतभर टोक उरेल. त्या ठोकळ्यांचं काय करायचं?"

सगळ्यांनी रोलांकडे बघितलं, सवयीने. रोलांने गिलेनकडे बघितलं.

गिलेन हा विचार करवत चालवतानाच करून बसली होती. "काका," ती दाराकडे वळून म्हणाली, "तुमच्या पाकाच्या चुल्हाणात केवढं लाकूड लागतं?"

"लांब. जेवढं लांब तेवढं बरं. तीन फुटांचंही घालतो."

"आणि यंदाचा पाक झाला की साठा संपला ना तुमचा?"

"खरवडून संपला."

"मग ही सगळी लांब लाकडं तुम्ही न्या. फोडलेली, ट्रॅक्टरमध्ये टाकून. बदल्यात तुमच्या बनातले तेवढेच ओंडके मला आणून टाका, बीच चालेल. ओंडकेच द्या. कापायचं आम्ही बघू."

इझिदोरने टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. "फोडलेलं घेऊन न फोडलेलं द्यायचं? यात माझाच फायदा."

"आज आमच्याकडं फोडायला यंत्र आहे आणि दोन भाऊ आहेत. ते रोज नसतात."

"ठरलं," इझिदोर म्हणाला आणि ताट तसंच हातात धरून टेबलाशी परत आला. "आणि वर पाकाचा एक डबा. तुझ्या आईसाठी."

अल्फोन्सिन इतका वेळ उभीच होती. आता ती टेबलाला एक हात टेकवून सगळ्यांकडे बघायला लागली.

"रोलां," अल्फोन्सिन म्हणाली, "तुझं घर तुझ्या बापानं तुझ्याबरोबर उभं राहून बांधलं. छपराचा खिळान् खिळा त्यानं मारला. बरोबर?"

"बरोबर."

"इवों, मागचं रान तुझंच आहे. त्यासाठी तुला कुणाच्या मागं मागं फिरायची गरज नव्हती. मी ते केव्हाच ठरवलं होतं."

इवोंचे कान लाल झाले.

"आणि या मुलीला आम्ही काय दिलं? लाकडं रचायला दिली." अल्फोन्सिनचा आवाज जरा थरथरला, आणि ते तिला आवडलं नाही, म्हणून ती पुढचं जोरात बोलली. "हे घर गिलेनचं. सोमवारी नोटरीकडं जाऊन तसं करून घेऊ. मी इथंच राहणार. कोणत्याही लिफ्टबिफ्टमध्ये मी चढणार नाही. आता कुणाला काही बोलायचं असेल तर बोला, नाहीतर घेवडा गार होतोय."

रोलां उठला. तो बापाच्या खुर्चीमागे क्षणभर थांबला, मग खुर्ची बाहेर ओढून तिने बसावं म्हणून धरून उभा राहिला. गिलेन बसली नाही. तिने पुढे होऊन भावाला मिठी मारली, इतकी जोरात की त्याच्या शर्टातला भुसा तिच्या तोंडात गेला. मग ती हसायला लागली. घर तिचं होतं. या भिंती, ही चूल, हे धुराने भरलेलं स्वयंपाकघर, सगळं तिचं होतं, आणि ती पन्नाशीची बाई शाळेतल्या पोरीसारखी हसत होती.

"खाली चल," मग ती हळूच म्हणाली. "मी येते बरोबर. नुसता चुना लावलेला कोपरा आहे रे."

तो गेला. दोघंही बराच वेळ खाली होती. वर लोरेनने त्याच्या ताटावर झाकण ठेवलं.

दुपारी अंगणात ऊन आलं. इझिदोरचा ट्रॅक्टर लांब लाकडं भरून एक फेरी करून आला होता. लोरेनने नवे बूट काढून अल्फोन्सिनचे जुने रबरी बूट चढवले होते आणि ट्रॅक्टर भरताना ती कोणापेक्षाही जास्त ओझं उचलत होती. गिलेनची छोटी करवत थांबली की रोलांची मोठी चालायची, दोघंही एकाच मापाने. इवोंच्या यंत्रासमोर फोडी गुडघ्याएवढ्या साचल्या तेव्हा रोलांने करवत खाली ठेवली, कानपट्ट्या काढल्या आणि दोन्ही हातांत भरून लाकडं उचलली. शेडच्या तोंडाशी येऊन तो थांबला. आत लांबलचक रिकामी जमीन होती.

त्याने मागे वळून बघितलं. या अंगणात लाकडं घेऊन उभ्या असलेल्या कुठल्याही पुरुषाने तिला आजवर जे विचारलं नव्हतं, ते त्याने विचारलं.

"गिलेन, पहिली ओळ कुठून धरायची?"

तिने जराही घाई केली नाही. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, वारा कुठून येतो ते बघितलं, आणि स्वयंपाकघरात बसलेल्या आईलाही ऐकू जाईल एवढ्या खणखणीत आवाजात सांगितलं, "उत्तरेच्या भिंतीपासून. आणि भिंतीला चिकटवायची नाहीत, हवा खेळली पाहिजे."

आणि सगळे तिकडे वळले.